देवळामागच्या तळीसाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, बागायतदार आणि मुंबईकर चाकरमानी यांस सप्रेम नमस्कार.

देवळामागच्या तळीवर यंदा पोपटी रंगाची दाट साय धरली आहे आणि पहाटे काठाशी रोहू, कटला तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात. मेलेले मासे समितीने उचलून पुरले. ही साय म्हणजे साधे शेवाळ नसून नील-हरित जीवाणूंची वाढ असावी, असे तिच्या रूपावरून दिसते. दिवसा उन्हात हे जीव पाण्यात प्राणवायू सोडतात, मात्र रात्री तोच प्राणवायू ते स्वतः ओढून घेतात आणि ते मेल्यावर कुजताना तो आणखी घटतो, म्हणून माशांचा जीव पहाटेच अधिक घाबरतो. मरळ मात्र वरची हवा घेऊ शकते; तेव्हा मरळ जिवंत आहे म्हणून पाणी चांगले आहे, असे कोणी समजू नये.

याहून मोठी काळजी विषाची आहे. या गटातल्या मायक्रोसिस्टिस जातीचे अनेक प्रकार मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करतात. ते माशाच्या यकृतातील पेशी नासवते, कल्ल्यांना इजा करते, आणि अंडी व पिल्ले त्याला लवकर बळी पडतात. साय विषारी आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, आणि पाणी उकळून हे विष जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या विषाच्या प्रकारासाठी लिटरला 1 मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा सुचवली आहे. तपासणीचा अहवाल येईपर्यंत तळीतले मासे खाऊ नयेत आणि गुरे तेथे पाण्यावर सोडू नयेत.

सुपारीवर मारायचे मोरचूद तळीत टाकून एका दिवसात साय घालवावी, असे काही बागायतदारांनी आपुलकीनेच सुचवले. परंतु समितीने त्यास नकार दिला आहे. मोरचुदाने पेशी फुटतात आणि त्यांच्या आत कोंडलेले विष एकदम पाण्यात उतरते, शिवाय आपल्या जांभ्यावरच्या मृदू, म्हणजे क्षार कमी असलेल्या पाण्यात मोरचुदातले तांबे माशांना अधिकच बाधते. मूळ कारण आहे ते तळीत साचलेले पोषण: धुण्याचा साबण, गोठ्याचे पाणी, वायंगणी शेतातून पाटाने येणारे खत आणि वर्षानुवर्षांचा गाळ. उन्हाळ्यात पाणी आटले आणि तापले की त्याच पोषणावर साय फोफावते.

म्हणून मृग लागण्यापूर्वी गाळ उपसणे, धुण्याची जागा काठापासून दूर नेऊन तेथे शोषखड्डा खणणे, रात्री हवा खेळवणारा पंप बसवणे आणि पाणी प्रयोगशाळेत पाठवणे एवढी कामे हाती घेतली आहेत. यांतले गाळाचे काम सर्वांत खर्चिक आहे. उपसलेला गाळ तपासणीनंतर बागायतदारांना देता येईल. मात्र तो पुन्हा पाटाच्या काठावर टाकू नये, ही विनंती. ज्यांना रोख देणगी शक्य नाही त्यांनी चिरे, डिझेल, जेसीबीचे काही तास किंवा नुसते दोन हात द्यावेत. शिमग्याला घरी येणाऱ्या चाकरमान्यांनी पालखीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ श्रमदानासाठी राखून ठेवावी. घमेली व फावडी समिती पुरवील, न्याहारी देवळात होईल. देणगी ग्रामपंचायत कार्यालयात पावती घेऊनच द्यावी, आणि जमाखर्च देवळाच्या फलकावर लावला जाईल.

आपली,
तळी संवर्धन समिती