अटक कोणाला झाली, हे ठाण्याच्या भिंतीवर दिसले पाहिजे

प्रति,
मा. संपादक,

विषय : सोलापुरातील रोजच्या अटकांची माहिती नागरिकांना सहज मिळण्याबाबत

महोदय,

पूर्वभागात आमचे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, पेन्शनचे आणि माहिती अधिकाराचे अर्ज अशी कामे चालतात. पण सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर कुणी बाई बसलेली दिसली की बहुतेक वेळा गोष्ट वेगळी असते. रात्री घरातल्या कुणाला तरी पोलिसांनी नेलेले असते आणि कुठे नेले ते कळत नसते. "ऑनलाइन दिसतंय म्हणतेत, बघा की जरा," एवढेच ती म्हणते. या पत्राचे कारण तेच आहे. आपल्या माणसाला अटक झाली का, कुठल्या ठाण्यात, कशासाठी, हे घरच्यांनी दारोदार विचारत फिरायचे नसते. ते सांगायची जबाबदारी कायद्याने पोलिसांवर टाकलेली आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३७वे कलम मी छापून काउंटरच्या काचेखाली ठेवले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ही संहिता लागू आहे. हे कलम म्हणते, प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात एक अधिकारी नेमायचा, तो सहायक उपनिरीक्षकाच्या खालचा नसावा. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप याची नोंद ठेवणे हे त्याचे काम. आणि ही माहिती प्रत्येक ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची, डिजिटल स्वरूपातही लावता येते. कुणी मागितली तर द्यावी, असे त्यात लिहिलेले नाही. लावायचीच आहे.

ही तरतूद काल-परवाची नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१ सी हे कलम होते. नोव्हेंबर २०१० पासून जिल्हा नियंत्रण कक्षाबाहेरच्या फलकावर अटक झालेल्यांची नावे-पत्ते आणि अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव-हुद्दा लावणे बंधनकारक झाले. त्याच्याही आधी, १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात सांगून ठेवले होते की अटक आणि कोठडीचे ठिकाण १२ तासांच्या आत नियंत्रण कक्षाला कळवा आणि तिथल्या फलकावर लावा. त्या खटल्याची सुरुवात एका पत्राने झाली होती. पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेच्या बसूंनी १९८६ साली पोलीस कोठडीतल्या मृत्यूंच्या वर्तमानपत्रातल्या बातम्यांकडे सरन्यायाधीशांचे लक्ष वेधले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. वर्तमानपत्रातल्या बातमीत केवढी ताकद असते हे मला त्यावरून कळते. म्हणूनच हे आपल्याला लिहीत आहे.

आता आमच्या गल्लीतल्या एका अक्काचे सांगते. ठाण्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुणा एका ठाण्याविरुद्ध तक्रार करायची नाही. अक्का विड्या वळते, मुलगा टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला. साध्या वेशातल्या माणसांनी त्याला गेटवरून गाडीत बसवून नेले, एवढेच सोबतच्या कामगाराने घरी येऊन सांगितले. अक्का घराजवळच्या ठाण्यात गेली. ठाणे अंमलदार म्हणाले, आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठाण्यात "साहेब आल्यावर या" म्हणाले. दोन्हीकडे भिंतीवर जनजागृतीची पोस्टर होती, फरारी लोकांचे फोटो होते. आज कोणाला अटक झाली, याचा कागद नव्हता. ती माझ्याकडे आली तेव्हा पदराच्या गाठीत गोळ्यांचे पाकीट होते. मुलाला फिट येतात, सकाळची गोळी चुकून चालत नाही. त्याने काय केले, हे ती विचारतच नव्हती. गोळी कुठे नेऊन देऊ, एवढेच विचारत होती.

मी महाराष्ट्र पोलिसांचे नागरिक पोर्टल उघडले. तिथे जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडली की प्रसिद्ध केलेले एफआयआर दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ ला तसा आदेश दिला आहे, की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा. नेटवर्कची अडचण असेल तर ४८, फार तर ७२ तास. चोरीचा एक एफआयआर सापडला, पण तो "अनोळखी इसमाविरुद्ध" होता. मुलाचे नाव त्यात असणार तरी कसे? एफआयआर ही गुन्ह्याची पहिली खबर. संशयित नंतर पकडला जातो आणि त्याचे नाव नंतर कागदावर येते. म्हणून "एफआयआर ऑनलाइन आहेत ना, मग अजून काय पाहिजे" हे उत्तर पुरत नाही. त्याच पोर्टलवर अटक आरोपींची माहितीही आहे, पण ठाण्यातून नोंद भरली गेली तरच ती दिसणार, आणि त्या सकाळी ती भरलेली नव्हती. शेवटी मुलगा सापडला तो दुपारी, न्यायालयाच्या आवारात, रिमांडसाठी आणलेला. तेही एका वकिलाच्या कारकुनाने ओळखले म्हणून.

घरच्यांना कळवणे हा काही पोलिसांचा उपकार नाही. संहितेच्या ४८व्या कलमानुसार अटक करणाऱ्याने नातेवाईक किंवा मित्राला, तसेच जिल्ह्यातल्या त्या नेमलेल्या अधिकाऱ्यालाही ताबडतोब कळवायचे असते. कोणाला कळवले याची नोंद ठाण्यातल्या वहीत करायची असते. अटकेच्या मेमोवर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही असावी लागते. आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचे असते, ते तर संविधानाच्या २२व्या अनुच्छेदातच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले की अटकेची कारणे लेखी द्यायची, आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. आपल्या गावात घराघरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात. इथे त्या शेवटच्या चार शब्दांची किंमत फार आहे.

माझ्या पायरीवर येणाऱ्यांची पहिली गफलत होते ती हद्दीची. सोलापुरात पोलीस एकच नाहीत. फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी ही ठाणी शहर आयुक्तालयाची. कुंभारीचे विडी घरकुल मात्र वळसंग ठाण्यात, म्हणजे ग्रामीण अधीक्षकांकडे. आई घरकुलात राहते, मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला जातो, म्हणजे एकाच घराला दोन पोलीस दले लागली. रेल्वे स्टेशनवर पकडले तर लोहमार्ग पोलीस, ते तिसरेच. पोर्टलवर शोधतानाही "सोलापूर शहर" आणि "सोलापूर ग्रामीण" वेगवेगळे निवडावे लागतात. एकात मिळाले नाही तर दुसऱ्यात बघायचे. गुन्हे शाखेने नेले असेल तर गुन्हा कुठल्या ठाण्याचा आहे ते विचारायचे, कारण कागद त्या ठाण्यात तयार होतात.

दुसरी गोष्ट प्रतिबंधक कारवाईची. गड्ड्याची यात्रा, गणपती, जयंत्या, निवडणुका जवळ आल्या की काही जणांना आधीच ताब्यात घेतात. लोक अजून "एकशे एक्कावन्न लावला" असेच म्हणतात, नव्या संहितेत ते कलम १७० झाले आहे. यात गुन्हा घडलेलाच नसतो, त्यामुळे एफआयआरही नसतो, आणि पोर्टलवर एफआयआर कितीही शोधला तरी नाव सापडत नाही. घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते. अशा वेळी ठाण्यात "चॅप्टर केस आहे का, कोणासमोर हजर करणार" असे नेमके विचारावे. चॅप्टर केस म्हणजे अशा प्रतिबंधक कारवाईचे प्रकरण. दुसऱ्या कुठल्या कायद्याने जास्त दिवस ठेवायचा अधिकार दिलेला नसेल, तर या कलमाखाली २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

एकदा न्यायालयात हजर केले की शोध सोपा होतो. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर सोलापूर जिल्हा निवडून पोलीस ठाणे, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकले की खटला सापडतो. प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र असा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला तर उत्तमच, तो घरात लिहून ठेवावा, पुढची प्रत्येक तारीख त्यावर दिसते. नावानेही शोधता येते, पण नाव इंग्रजीत टाकावे लागते आणि लक्ष्मण हे एकच नाव चार तऱ्हेने लिहिले जाते. शिवाय आमच्या भागात एकाच नाव-आडनावाचे लोक पुष्कळ. वडिलांचे नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय कुणावरही शिक्का मारू नये. स्थळ आले की मुलाचे नाव टाकून बघा म्हणणारे, भाडेकरूचे बघा म्हणणारेही येतात. त्यांना मी सांगते, पोलिसांची आतली नोंद सर्वांसाठी खुली नसते. चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्यानेच काढायचा असतो.

ठाणे दाद देत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा मराठी अर्ज. सगळ्यांना ३० दिवसांची मुदत माहीत असते, पण माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावे लागते, हे कलम ७(१) मध्येच आहे. अर्जाच्या डोक्यावर ते ठळक लिहावे. तपासात अडथळा येईल म्हणून काही कागद नाकारता येतात. पण अटक झाली की नाही, कधी आणि कुठल्या गुन्ह्यात, हे सांगितल्याने कुठला तपास अडतो? आणि वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. अल्पवयीन मुलांची नावे कुठल्याही यादीत येता कामा नयेत, बाल न्याय कायदा तसे स्पष्ट सांगतो. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड होईल असा एकही तपशील नको. असे एफआयआर पोर्टलवर टाकायचे नाहीत, असे न्यायालयानेही सांगितले आहे. आणि अटक म्हणजे शिक्षा नव्हे. अक्काच्या मुलाविरुद्ध पुढे पुरावाच मिळाला नाही, पोलिसांनी त्याला सोडले. पण कारखान्यातली जागा गेली ती गेलीच. मालकाने मोबाइलवर बातमी दाखवली, "यात तुझं नाव आहे." अटकेची बातमी आली होती. सुटल्याची आली नाही.

म्हणून यादीत अटकेसमोर पुढचा रकानाही हवा. जामीन, सुटका, दोषारोपपत्र, निर्दोष, यांपैकी जे झाले ते तिथे भरायचे. ठाण्यातला फलक रोज सकाळी बदलायचा. संगणकावरच्या जुन्या नोंदींत निर्दोष सुटलेल्यांची नावे नावाने शोधल्यावर समोर येऊ नयेत, अशी व्यवस्था करायची. फलकावर नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि ठाण्याचा फोन लिहायचा, म्हणजे रात्री-अपरात्री फोन करणाऱ्याला कोणाशी बोलायचे ते कळेल. शहर आयुक्त आणि ग्रामीण अधीक्षक या दोन्ही कार्यालयांना माझी हात जोडून विनंती आहे की दोघांनी मिळून एक यादी करावी. आईला हद्द कळत नसते.

आपल्या दैनिकालाही दोन विनंत्या. अटकेच्या बातमीत ज्याचे नाव छापता, तो सुटला की त्याच पानावर तेवढ्याच अक्षरात तेही छापावे. आणि आपल्या शहर व ग्रामीण वार्ताहरांना एकदा प्रत्येक पोलीस ठाण्याच्या आवारात पाठवून ३७व्या कलमाचा फलक कुठे आहे, कुठे नाही आणि शेवटची तारीख कधीची आहे, हे ठाण्याच्या नावासह प्रसिद्ध करावे.

आपली,
टायपिंग-झेरॉक्स दुकान चालवणारी एक वाचक,
पूर्वभाग, सोलापूर