टार्गेट झालं की पार्टी ओलीच कशाला?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी जळगाव एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर आहे, कंपनीचं नाव सांगत नाही. मशीन बंद पडली की झापणार मलाच, ऑपरेटरने दांडी मारली तरी मलाच, त्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली जीव नुसता उकडून निघतो. आणि टार्गेट पूर्ण झालं की साहेब खूश होऊन हायवेच्या ढाब्यावर नेतात, तिथे शेवभाजी नंतर येते, आधी क्वार्टर. मी सोडलीय हे सगळ्यांना माहितीये तरी "घे ना भो, एकाने काय होतं". अरे, आमचं एकानेच तर होतं सगळं!

लोकांना वाटतं सोडणं अवघड. सोडायला दवाखाना आहे (आणि रोज पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकदम बंद करूच नये, हात थरथरतात, फिट येते, जिवावरसुद्धा बेततं). खरी कसोटी शिफ्ट सुटल्यावर गेटपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर असते. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सांभाळायचा गट. त्याच्या मीटिंगमध्ये सांगतात की तलफ आली की आधी बघ, भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकलायस का. आता शिफ्ट सुटायच्या वेळी आमच्याकडे हे चारही हजर असतात! म्हणून मी डब्यातली कळण्याची भाकरी अर्धी राखून ठेवतो, ठेच्यासोबत ती खाल्ल्याशिवाय गाडीला किक मारत नाही. निम्मी तलफ तिथेच जाते, उरलेलीसाठी स्पॉन्सरला, म्हणजे एएतल्या माझ्या आधी सोडलेल्या जोडीदाराला फोन.

टेन्शन जावं म्हणून पितो म्हणतात, पण पिऊन लागलेली झोप पहाटेच मोडते आणि फर्स्ट शिफ्टला टेन्शन तिथल्या तिथेच, वर डोकं जड.

माझी तक्रार वेगळीच आहे. मीटिंग संध्याकाळी, सेकंड शिफ्ट लागली की ती बुडते. थोडे महिने जनरल शिफ्ट द्या म्हटलं तर उत्तर मिळालं, हा तुमचा पर्सनल प्रश्न. शुगरवाल्याला जेवणाची वेळ पाळू देता ना? जागतिक आरोग्य संघटना दारूच्या व्यसनाला आजारच म्हणते. एए 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालं, एक शेअर बाजारातला माणूस आणि एक डॉक्टर, दोघंही पिणारे. तिथे फी नाही, नाव विचारत नाहीत, कंपनीला एक रुपया खर्च नाही, फक्त शिफ्टच्या चार्टमध्ये एक खोडाखोड करायचीय.

आणि ढाब्यावर न्यायचंच तर भरीत-पुरी खाऊ घाला, येतो आम्ही.

कुणाला गरज असेल तर सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446, फुकट आहे.

(नाव छापू नये ही विनंती, साहेब पेपर वाचतात.)

एक वाचक, जळगाव