आधी विचारा, भिंत कुणाची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, दिवंगत रॉक गायकांच्या गावोगावच्या भित्तिचित्रांवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा रागाने. छायाचित्रं छानच होती. मजकुराबद्दल तसं म्हणवत नाही.

डेव्हिड बोवी गेल्यावर लंडनमधल्या ब्रिक्स्टनकरांनी त्याचं चित्र काढलं, असं आपले लेखक लिहितात. चित्र २०१३ सालचं, बोवी गेला जानेवारी २०१६ मध्ये. जिवंत माणसाचं चित्र होतं ते. एका ऑस्ट्रेलियन चित्रकाराने ट्यूब स्टेशनसमोर दुकानाच्या भिंतीवर काढलेलं. फुलं, मेणबत्त्या नंतर आल्या. शिवाय बोवी सहा वर्षांचा असतानाच घरच्यांनी ब्रिक्स्टन सोडून ब्रॉम्ली हे उपनगर गाठलं, तेव्हा 'त्याचं गाव' कोणतं हे ब्रॉम्लीवाल्यांनाही एकदा विचारायला हवं होतं. हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण आमचे चिरंजीव. ते मँचेस्टरला असतात. त्यांच्यामुळे माझं या विषयातलं ज्ञान वयाला न शोभणारं झालं आहे.

पण राग आला तो पुढच्या वाक्याचा. 'तिकडे कलावंताच्या भिंतीला कुणी हात लावत नाही, आपल्याकडे मात्र...' वगैरे. हे 'तिकडे बघा, तिकडे' मी चाळीस वर्षं बँकेत साहेबांच्या तोंडून ऐकलं. आता पेपरातही?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये सूनबाईच्या बाळंतपणासाठी मी मँचेस्टरला होते. एका शनिवारी चिरंजीव म्हणाले, "आई, चल, तुला इयन दाखवतो." इयन म्हणजे जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस. चिरंजीवांनी कॉलेजात असताना मित्राकडून भरून आणलेली त्यांची एक कॅसेट आमच्या घरी अहोरात्र वाजायची, तीही दार लावून. मी दार वाजवून सांगायचे, "ते रडगाणं बंद कर आणि अभ्यासाला बस." त्या इयनचं मोठं काळं-पांढरं चित्र २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने पोर्ट स्ट्रीटवर काढलेलं होतं. मूळचा फ्रान्सचा पण मँचेस्टरकर झालेला अक्से नावाचा चित्रकार. लॉकडाऊनमध्ये चिरंजीव चालायला निघाले की मुद्दाम त्या रस्त्याने जात.

गेलो. रिमझिम चालूच होती. भिंत होती, इयन नव्हता. त्याच्यावरून रंग फिरवून एका रॅपरच्या नव्या अल्बमची जाहिरात रंगवलेली! तो रॅपरही मँचेस्टरचाच, म्हणजे परक्याने केलं म्हणायचीही सोय नाही. माझा बेचाळीस वर्षांचा मुलगा छत्री मिटवून पावसात उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, पुढची भिंत असेल." तो काही बोलला नाही. मग तिथेच उभ्याउभ्या त्याने मला सांगितलं, की इयनला फेफरं यायचं, कधी कधी गाता गाता स्टेजवरच, आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, १८ मे १९८० ला, तेविसाव्या वर्षी त्याने स्वतःला संपवलं. आणि कॉलेजचं ते तिसरं वर्ष त्याला स्वतःला किती जड गेलं होतं, तेही सांगितलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी अभ्यासाला बस म्हणत होते. असो.

त्या रॅपरने जाहीर सांगितलं की आपल्याला याची कल्पनाच नव्हती, लगेच दुरुस्त करतो. पोरगा सरळ असावा. पण पुसायचं ते पुसून झालं होतं. 'तिकडे' घडलेलं आहे हे, संपादकसाहेब. फ्लेक्स नव्हता एवढाच काय तो फरक.

पुढच्या रविवारी चिरंजीवांनी मला आगगाडीने मॅकल्सफील्डला नेलं. इयन वाढला ते गाव. पूर्वी रेशमाचं, जुने हातमाग अजून जपून ठेवलेत (आपल्या लेखकांना तिथे लिहायला विषय होता, पण ते तिथवर गेलेच नाहीत). तिथे मिल स्ट्रीटवर त्याच चित्रकाराने २०२२ मध्येच काढलेला इयन शाबूत होता. समोर पाच मिनिटं उभे राहिलो, फोटो नाही काढला. याच गावातून २००८ मध्ये इयनचा स्मृतिदगड चोरीला गेला होता, त्याच्या गाण्याची ओळ कोरलेला. चित्र भिंतीवर असलं की निदान चोरता येत नाही, असं चिरंजीव म्हणाले. मी म्हटलं, झाकता येतं.

लेखाच्या शेवटी सूचना आहे, की 'मुंबईत जन्मलेल्या' फ्रेडी मर्क्युरीचं, म्हणजे क्वीन बँडच्या गायकाचं, चित्र आता पाचगणीत हवं. फ्रेडी जन्मला झांझिबारला, ५ सप्टेंबर १९४६. खरं नाव फरुख बलसारा; वडील मूळचे गुजरातेतल्या बुलसारचे, म्हणून बलसारा. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये तो आठव्या वर्षी आला, 'फ्रेडी' हे नाव त्याला तिथे पडलं आणि 'द हेक्टिक्स' हा पहिला बँडही तिथलाच. त्याच काळात माझे सासरे वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या शाळांना भाजी पोचवत. फरुख बलसारा कोण, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

काढा चित्र, माझी ना नाही. पण पाचगणीचा पाऊस लेखकांनी पाहिलाय का? जांभ्याच्या भिंतीला श्रावणात हात लावून बघा. ओल आतून येते. पूर्वी लोक पावसाळ्याआधी भिंतींना गवताचे तट्टे बांधत, ते हौसेने नव्हे. पहिल्या वर्षी फ्रेडीच्या मिशांवर शेवाळ येईल. दुसऱ्या वर्षी तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, खाली शुभेच्छुकांचे पंचवीस चेहरे. तेव्हा भिंत कुणाची, रंग दर वर्षी कोण देणार आणि फ्लेक्स उतरवायला शिडी कोण आणणार, एवढं आधी छापा.

जाता जाता. गेल्या महिन्यात घाटातल्या खड्ड्यांबद्दलचं माझं पत्र आपण निम्मं कापलंत, त्याबद्दल तक्रार नाही. पण नावामागे 'श्रीमती' लावलंत. आमचे यजमान ठणठणीत आहेत, आत्ता समोर बसून आपलंच शब्दकोडं सोडवताहेत. त्या सकाळी शेजारच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या धावत आल्या होत्या. कृपया या वेळी नाव छापू नये. छापायचंच झालं, तर 'सौ.' छापावं.

आपली,
एक जुनी वाचक, वाई