व्याख्या पाठ, संकल्पना कच्ची

महोदय,

मानसशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाची उजळणी करताना विद्यार्थी व्याख्या घोकतात आणि नेमके जोडीच्या संकल्पनांत अडखळतात, हे मी उत्तरपत्रिका तपासताना वारंवार पाहत आलो आहे. सर्वाधिक गोंधळ ऋण प्रबलनाचा (प्रबलन म्हणजे वर्तन वाढवणारा परिणाम). ‘ऋण’ हा शब्द दिसला की त्याला शिक्षा समजले जाते. वास्तविक मोटारीत पट्टा लावताच कर्कश पीप-पीप थांबते आणि म्हणून पुढच्या वेळी आपण तो आधीच लावतो, हे ऋण प्रबलन होय, कारण त्रासदायक उद्दीपक (प्रतिक्रिया घडवणारी गोष्ट, इथे तो आवाज) दूर झाल्याने वर्तन वाढते, तर शिक्षेने ते घटते. अन्नाच्या आधी वारंवार ऐकवलेल्या आवाजानेच लाळ गाळू लागलेल्या, रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांची गोष्ट सर्वांना पाठ असते (ती रंजक आहेच), पण तटस्थ उद्दीपक (तो आवाज) अभिसंधित कधी झाला, म्हणजे एकटाच लाळ कधी आणू लागला, असे विचारले की लेखणी थांबते.

विस्मरण आरंभी झपाट्याने आणि पुढे सावकाश होते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले. तरीही हाच भाग विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री एका बैठकीत वाचून काढतात! पुस्तक मिटून, काही दिवसांच्या अंतराने आठवून लिहिणे अधिक टिकते. पाठ्यपुस्तकांनीही प्रकरणाअखेर व्याख्या विचारण्याऐवजी वरीलप्रमाणे प्रसंग देऊन संकल्पना ओळखायला सांगावी.

आपला,
मानसशास्त्राचा एक शिक्षक