हरलेल्याचं घर

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार,

रविवारी 'ड्यून'मधली पॉल आणि जामिसची झुंज सांगत होते आणि नेमका तिथेच फोन तुटला. बाबा, तुमचे दोन प्रश्न राहिले. लिहूनच पाठवते, आई वाचून दाखवेल.

पहिला, एवढ्या ग्रहांवर राज्य करणारी माणसं सुऱ्यांनी का लढतात? फ्रँक हर्बर्ट यांनी १९६५ च्या या कादंबरीत त्याची चोख तजवीज केली आहे. तिथे अंगाभोवती अदृश्य कवच धरता येतं. जोरात आलेला वार ते अडवतं, सावकाश सरकणारं पातं मात्र आत जातं. लेझरचा झोत कवचावर पडला तर अणुस्फोटासारखा भडका उडतो आणि मारणाराही वाचत नाही. म्हणून सुरा. घराण्यांच्या वैरालाही कायदा आहे, त्याला 'कॅनली' म्हणतात. वैर धरायचं ते नियमात राहून, त्यात नसलेल्यांना झळ लागू नये म्हणून.

वाळवंटात राहणारे फ्रेमन लोक मात्र कवच वापरत नाहीत, कारण त्याने वाळूतले अजस्र किडे पिसाळतात. जामिस त्यांच्यातलाच. पॉल मात्र राज्य करणाऱ्या घराण्यातला, पंधरा वर्षांचा, त्याने तोवर कुणाला मारलेलं नाही. त्याचा हात कवचाच्या सवयीचा, ऐन वेळी वार मंदावतो आणि संधी हुकते. बघणाऱ्यांना वाटतं, पोरगा जामिसला मुद्दाम खेळवतोय. तो जामिसला शरण येतोस का विचारतो, तेव्हा कळतं की या झुंजीत शरणागती नाहीच. एकाने मरायचंच.

आणि जिंकलेला मुलगा रडतो कशाला, हा तुमचा दुसरा प्रश्न. अंत्यविधीत एकेक जण जामिसची वस्तू उचलतो आणि मी त्याचा मित्र होतो म्हणतो. पॉललाही पुढे व्हावं लागतं. तो जामिसचं वाद्य उचलतो, तेच शब्द बोलतो आणि त्याचे डोळे भरून येतात. सगळे थक्क होतात, कुणी त्याच्या गालाला बोटं लावून बघतं. मेलेल्यासाठी स्वतःच्या अंगातलं पाणी द्यायचं? मग जामिसच्या देहातलं पाणी मोजून पॉलच्या हवाली करतात, ३३ लिटर आणि वर काही थेंब. आई, तू दहिवडीची. हंडाभर पाण्याचं मोल तुला मी काय सांगू!

पण मी अडले ते पुढच्या पानावर. जामिसची बायको हारा आणि तिची दोन मुलं आता पॉलची जबाबदारी. रीतच तशी आहे, ज्याला मारलं त्याची चूल विझू द्यायची नाही.

बाबा, बांधाचा दावा तुम्ही जिंकलात तेव्हा मी सातवीत होते. पुढच्याच वर्षी चुलतकाका गेले. जूनमध्ये तुम्ही त्यांच्या मुलाला दुकानात नेलंत, त्याला नवे बूट घेतलेत, रात्री कंदिलाजवळ बसून त्याच्या वह्यांना खाकी कव्हरं घातलीत. माझे बूट जुनेच होते. ज्यांनी आपल्याला इतकी वर्षं कोर्टात फिरवलं त्यांचा मुलगा माझ्याआधी? मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही एका शब्दाने कारण सांगितलं नाहीत. तो दहावी होईपर्यंत फी भरत राहिलात, आणि आई, तूही काकूच्या डब्यात धान्य ओतताना कधी माप लावलं नाहीस.

हाराचं पान वाचताना तुमचे ते कव्हर दुमडणारे हात दिसले. तेव्हा मी चुकले, बाबा. फार उशिरा लिहिते आहे.

येत्या रविवारी शेवटची झुंज सांगेन, बादशहासमोरची. समोरच्याच्या कमरेला विषारी सुई लपवलेली आहे, आणि त्याला जागच्या जागी लुळं पाडणारा एक शब्द पॉलला ठाऊक आहे. तो शब्द तो उच्चारतो का, ते आत्ता सांगत नाही. कानातलं यंत्र तेवढं आठवणीने चार्ज करून ठेवा.

तुमची,
धाकटी