लाली गेली, नायटा राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की त्वचारोगांच्या बातम्या येतात आणि त्यांत ‘कपडे कोरडे ठेवा’ हा सल्ला ठरलेला असतो. भिजल्या पँटनिशी डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत उभ्याने येणाऱ्याला तो कितपत पाळता येतो, हे सोडून देऊ. मला लिहायचे आहे ते नायट्यावर मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मलमाविषयी.

गेल्या जुलैत माझ्या कमरेवर रुपयाएवढे गोल चट्टे उठले. घराजवळच्या दुकानातून आणलेली ट्यूब लावताच दोन दिवसांत खाज थांबली, लाली ओसरली आणि मी निर्धास्त झालो. ट्यूब संपल्यावर नायटा परतला तो मांडीपर्यंत पसरून. त्याची ओळखीची गोल कडही पुसट झाली होती. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब हातात घेऊन घटक वाचून दाखवले: बुरशीनाशकाच्या जोडीला क्लोबेटासॉल, म्हणजे अतिशय तीव्र स्टिरॉइड. शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावे लागले, याची लाज वाटते.

नायटा होतो तो बुरशीमुळे. बुरशीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकॅन नावाची शर्करेची साखळी असते. माणसाचे शरीर ती बनवत नाही, त्यामुळे ती आढळली की कोणी परके शिरले आहे हे आपल्या भक्षक पेशींना कळते. तिला ओळखणारा डेक्टिन-१ हा ग्राही या पेशींच्या पृष्ठभागावर असतो, हे २००१ मध्ये उघड झाले. ग्लुकॅन त्याला चिकटले की पेशीच्या आत सिक आणि कार्ड-९ ही प्रथिने एकापाठोपाठ कामाला लागतात, इंटरल्युकिन-१, ६ आणि २३ हे रासायनिक निरोप बाहेर पडतात, त्यांच्या प्रभावाने टीएच-१७ या प्रतिकारपेशी घडतात आणि या पेशींच्या इंटरल्युकिन-१७ मुळे त्वचा न्यूट्रोफिल या बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना बोलावून घेते. या धावपळीत रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि सूज, म्हणजेच दाह. नायट्याची कड लाल व उठावाची आणि मध्य फिकट दिसतो, कारण बुरशी बाहेरच्या बाजूला सरकत असते आणि दाहही तिच्यामागोमाग कडेला पेटलेला असतो.

ही निरोपांची साखळी तुटली तर काय होते, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. अल्जीरिया, मोरोक्को आणि ट्युनिशियातील ८ कुटुंबांतल्या १७ रुग्णांमध्ये कार्ड-९ जन्मतःच सदोष होते. एरवी त्वचेच्या वरच्या थरातच राहणारी नायट्याची बुरशी त्यांच्या शरीरात खोलवर शिरली आणि त्यांपैकी काही जण दगावले.

स्टिरॉइड मलम दाहाचे हेच निरोप दाबते. लाली उतरते, रुग्ण खूश होतो आणि बुरशीला मोकळे रान मिळते. दाह अति झाला तर तोही ऊतींची हानी करतो आणि काही आजारांत डॉक्टर विचारपूर्वक स्टिरॉइड देतात, हे मान्य. पण तो निर्णय दुकानाच्या काउंटरवर व्हायचा नाही.

अशी अनेक मलमे २०१८ पासून ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच विकायच्या औषधांत आहेत. अन्न व औषध प्रशासनाने निदान पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुंबईतील दुकानांची या एका बाबीसाठी तपासणी करावी आणि ‘यात स्टिरॉइड आहे’ ही सूचना ट्यूबवर मराठीत, ठळक छापली जाईल यासाठी पाठपुरावा करावा. माझ्या ट्यूबवरचा मजकूर वाचायला मला भिंग घ्यावे लागले.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, परळ, मुंबई