‘ताईनू, आधी ह्यां बघा’

प्रिय दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. वयाने तुम्ही माझ्या धाकट्या भावाहूनही लहान, तरी मी दादाच म्हणणार.

मालवणला तुम्ही मला पाठीवर हवेची टाकी बांधून स्कुबासाठी समुद्रात खाली नेलंत, तिथून परत येऊन तीन आठवडे झाले. अजून रात्री डोळे मिटले की खालच्या वाळूवर हलणारी उन्हाची जाळी दिसते आणि माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू येतो. तो आवाज मला सहन होतो आहे, हे माझ्यासाठी केवढं आहे ते तुम्हाला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. बोटीत नुसती रडत बसले होते. म्हणून हे पत्र.

मी नर्स आहे. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये कोविड वॉर्डात होते. त्याबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगते की सिलिंडरचा काटा खाली येताना बघत उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. त्यानंतर तोंडावर काहीही बसवलं की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. पुढे पुढे तर साधा मास्क लावला तरी व्हायची.

दोन वर्षांपूर्वी भाच्यांच्या हट्टापायी मी किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका ठिकाणी स्कुबाला बसले होते. त्यांनी अर्ध्या मिनिटात पट्टे आवळले, ‘तोंडाने श्वास घ्या, बाकी आम्ही बघतो’ म्हणाले आणि पाठीवरची टाकी धरून मला खाली दाबलं. पाणी डोक्यावर मिटलं तशी मी माउथपीस दातांत घट्ट धरला, श्वास कोंडला आणि हातपाय झाडत वर आले. ते दोघं हसत होते. एक म्हणाला, फोटोपुरतं तरी थांबा, पैसे परत मिळत नाहीत. पैशांचं मला काहीच वाटलं नाही. पण श्वास कोंडून वर येऊ नये, फुप्फुसातली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. हे मी तुमच्याकडून ऐकलं आणि त्या रात्री मला संतापाने झोप लागली नाही. आम्ही साधी सुई टोचतानाही पेशंटला आधी सांगतो.

तुमच्याकडे आले तेव्हा मी नुसती बघायला आले होते. भाचे पाण्यात जातील, मी बोटीत बसेन, असं ठरलेलं. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. समजूत काढली नाहीत, ‘काही होत नाही हो’ म्हणाला नाहीत. पडवीतल्या बाकावर माझ्या शेजारी बसलात, मांडीवर फडकं पसरलंत आणि एक जुना रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी पोचवणारं यंत्र, खोलायला घेतलात. झाकण फिरवून काढलंत. आतला पापडीएवढा रबरी पडदा माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, ‘ताईनू, आधी ह्यां बघा. ह्यां काय असा तां कळलां की भीती अर्धी जाता.’

मग पडदा परत बसवून, झाकण उघडंच ठेवून तुम्ही मला ओढून बघायला सांगितलंत. श्वास घेतला की पडदा आत खेचला जायचा, खालची पट्टी दबायची आणि हवा यायची. थांबले की हवाही थांबायची. वॉर्डातला ऑक्सिजन तसा नसतो. तो सतत वाहतो, पेशंट घेवो न घेवो. हा पडदा मात्र माझी वाट बघत होता. मी मागितलं की देत होता. किती वेळ मी नुसती ओढत-सोडत बसले, आणि तुम्ही घड्याळाकडे एकदाही बघितलं नाहीत. किनाऱ्यावर माणसं ताटकळली होती, ते मला दिसत होतं.

तुम्ही जाता जाता म्हणालात की हा पडदा एका फ्रेंच इंजिनिअरने युद्धाच्या काळात मोटारीसाठी बनवलेल्या यंत्रातून आला. ते माझ्या डोक्यात राहिलं. परत आल्यावर रात्रपाळीच्या मधल्या वेळात वाचत गेले. तुमच्यामुळे सुरू झालेलं वाचन आहे, म्हणून ते तुम्हालाच सांगते. तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊक असेल, तरी ऐका.

त्या इंजिनिअरचं नाव एमिल गान्यां. पॅरिसमध्ये एअर लिक्विड या वायूंच्या कंपनीत तो काम करायचा. जर्मनांनी फ्रान्स व्यापलेला, पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवायच्या होत्या. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप त्याने तयार केली होती. डिसेंबर 1942 मध्ये नौदलातला अधिकारी जॅक कुस्तो त्याच्याकडे आला. कुस्तोचे सासरे त्याच कंपनीत मोठ्या पदावर होते, त्यांनी गाठ घालून दिली. पाण्याखाली माणसाला लागेल तेवढीच, लागेल तेव्हाच हवा देणारं काहीतरी हवंय, असं कुस्तोने सांगितलं. गान्यांने आपली ती झडप, बेकलाइटची म्हणजे कडक प्लास्टिकची एक छोटी डबी, त्याच्या हातात ठेवली.

दादा, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलेला पडदा आठवला.

जानेवारी 1943 मध्ये कुस्तोने मार्न नदीच्या थंडगार पाण्यात ते यंत्र वापरून पाहिलं. आडवं असताना छान चालायचं. उभं राहिलं की हवा भसाभसा वाया जायची आणि डोकं खाली केलं की ओढायला जड. निराश होऊन परतताना दोघांच्या लक्षात आलं की उच्छ्वास बाहेर पडायची जागा आणि हवा आत घेणारा पडदा यांत टीचभर अंतर आहे. उभ्या माणसात एक वर, एक खाली, आणि पाण्याचा दाब तेवढ्या अंतरानेही बदलतो. दोन्ही शेजारी शेजारी आणल्यावर काम झालं. टीचभर अंतराने माणूस गुदमरतो किंवा तरतो, हे नर्सला पटायला वेळ लागत नाही.

जूनमध्ये दक्षिण किनाऱ्यावरच्या बांदोल गावी यंत्र पोचलं आणि कुस्तो भूमध्य समुद्रात उतरला. त्या पहिल्या बुडीत त्याची बायको सिमोन वर पाण्यावर पालथी तरंगत, नळीतून श्वास घेत त्याच्यावर नजर ठेवून होती. काही बिघडलं तर मदतीला उडी घ्यायला कुस्तोचा जोडीदार फ्रेदेरिक द्युमा किनाऱ्यावर तयार होता. आपण ऐकतो ते उतरणाऱ्याचं नाव. मला मात्र सिमोनच दिसते. रात्रभर मॉनिटरकडे बघत बसणाऱ्या माणसाला ती लगेच ओळखू येते. पुढे तिनेही टाकी पाठीवर घेतली आणि कुस्तोच्या समुद्र-मोहिमांच्या कॅलिप्सो जहाजावर कुस्तोपेक्षा जास्त दिवस काढले.

आणखी मागे गेलं की बेनुआ रुकेरोल भेटतो. तो खाणीतला इंजिनिअर. धूर आणि विषारी वायू भरलेल्या खाणीत जाणाऱ्यांना श्वास घेता यावा म्हणून त्याने 1860 च्या सुमाराला अशीच मागणीबरहुकूम हवा देणारी पेटी काढली. नौदलातल्या ओग्युस्त देनेरूझने ती पाण्याखाली नेली. जास्त दाबाची हवा साठवणारी टाकी तेव्हा बनत नव्हती, म्हणून पाणबुड्या वरच्या नळीलाच बांधलेला राहिला. म्हणजे मुळात ही पेटी गुदमरणाऱ्या माणसासाठी होती. समुद्र नंतर आला. हे वाचलं तेव्हा मला वॉर्डातल्या त्या दिवसांबद्दल पहिल्यांदाच थोडं शांत वाटलं.

तुम्ही वर येताना माझा दंड धरून ‘सावकाश’ची खूण करत होतात, त्यामागेही माणसं आहेत. दाबाखालून भराभर वर आलं की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1878 मध्ये दाखवून दिलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं 1908 मध्ये छापली. आणि मोरिस फार्ग, कुस्तोचा सहकारी, 1947 मध्ये किती खोल जाता येतं ते पाहायला उतरला, दोराला सुमारे 120 मीटरवर बांधलेल्या पाटीवर खूण करून गेला, आणि त्याला वर ओढलं तेव्हा तो गेलेला होता. साध्या हवेवर कुठे थांबायचं ते पुढच्यांना त्याच्या मरणाने कळलं. आम्ही सात-आठ मीटरवर रंगीत मासे बघून हसत वर येतो, त्यात या माणसाचा वाटा आहे.

गान्यां मात्र 1947 मध्ये कॅनडाला गेला, मॉन्ट्रियलमध्ये आयुष्यभर अशीच यंत्रं घडवत राहिला. कुस्तोचं नाव शाळकरी पोरालाही माहीत असतं. गान्यांचं मी पंचेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तुम्ही त्याचं नाव न घेता त्याची गोष्ट सांगितलीत, आणि ती सांगताना तुमच्या आवाजात आदर होता. चांगुलपणा असा हातातून हातात जात असावा. कुठल्या तरी गॅसच्या मोटारीवर घालवलेले दिवस ऐंशी वर्षांनी मालवणच्या पडवीत एका घाबरलेल्या बाईच्या उपयोगी पडतात, आणि मधे तुमच्यासारखा एक माणूस बसलेला असतो, ज्याला घाई नसते. आपल्याकडे पैसे घेऊन काम करणारे पुष्कळ आहेत. समोरच्याला आधी समजावून देणारे फार थोडे. डॉक्टरांतही, आमच्यातही.

निघताना तो जुना पडदा तुम्ही मला दिलात. ‘कडेला चिरलो हा, आता वापरूक येवचो नाय,’ म्हणालात. तो माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. गेल्या आठवड्यात वॉर्डात एक आजी ऑक्सिजनचा मास्क सारखा ओढून काढत होत्या. मी मास्क त्यांच्या हातात दिला, नळीतून येणारी हवा त्यांच्या गालावर लावली आणि शेजारी स्टूल घेऊन बसले. पंधरा मिनिटं लागली. मग त्यांनी तो स्वतःच लावून घेतला.

दिवाळीनंतर बहीण येणार आहे माझ्याबरोबर. तिला पोहता येत नाही आणि ती माझ्यापेक्षाही घाबरट आहे. तिला थेट बोटीवर नेऊ नका, दादा. आधी पडवीत बसवा.

तुमची,
सांगलीची ताई